मोबाईलचा फोटो नीट का येत नाही?

एके काळी फोटो काढायचा म्हणजे घरात केवढी धांदल उडे! लग्नकार्य असावे, तालुक्याच्या गावी जावे, स्टुडिओतल्या पडद्यापुढे ताठ उभे राहावे, आणि आठ दिवसांनी तो फोटो हाती पडावा. फोटो ही हौसेची वस्तू होती. बिघडला तर घटकाभर हळहळायचे, एवढेच. आता तसे राहिलेले नाही. आपल्या बीड जिल्ह्यात आष्टीपासून परळीपर्यंत एखादा शेतकरी बांधावर उभा राहून कपाशीचा किंवा सोयाबीनचा फोटो काढताना दिसला, तर तो हौस भागवतो आहे असे समजू नका. तो आपल्या शेताचा पुरावा तयार करत असतो.

हे कसे, ते आधी सांगतो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाची ते लिहिलेले असते आणि बारामध्ये त्या जमिनीत कोणते पीक उभे आहे ते. पूर्वी ही पिकाची नोंद तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपले पीक आपणच मोबाईलवरून नोंदवायचे, अशी पद्धत आली. शेतात जायचे, ॲप उघडायचे, पिकाचा फोटो घ्यायचा. त्या फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही टिपले जातात. पिकाची नोंदच नसली, तर पुढे पीकविमा, अतिवृष्टीची मदत, हमीभावाने विक्री अशा कामांत अडचण उभी राहते. शेतात पीक डोलते आहे आणि कागदावर मात्र शेत पडीक, असा प्रकार होतो.

त्यात आपल्या जिल्ह्याची एक निराळी अडचण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कितीतरी घरांतली कर्ती माणसे ऊसतोडीसाठी कारखान्यांकडे निघून जातात. घरातला बरा फोन त्यांच्याबरोबर जातो. रब्बीची नोंद करायची वेळ येते तेव्हा घरी असतात म्हातारी माणसे आणि एखादा जुना फोन. आमच्या शेजारच्या एका आजोबांचे असेच झाले. ज्वारीचे चार फोटो काढले, चारही पांढुरके आणि धुरकट. "फोन बाद झाला, आता नवा घ्यावा लागतो," असे म्हणत ते तालुक्याला निघाले होते. मी फोन हाती घेऊन पाहिला. कॅमेऱ्याच्या काचेवर तंबाखू मळलेल्या बोटाचा ठसा उमटलेला! काच पुसली आणि पाचवा फोटो लख्ख आला. हजारो रुपयांचा खर्च एका फडक्याने वाचला.

सांगायचे ते एवढेच, की फोटो बिघडला म्हणजे फोन बिघडला असे नव्हे. बैल लंगडला तर आपण आधी त्याचा खूर उचलून काटा पाहतो, लगेच बाजार गाठत नाही. तसाच इथेही एक क्रम ठेवावा. आधी काच, मग उजेड, मग हात, मग अंतर, आणि शेवटी फोनच्या आतली व्यवस्था.

काचेचे कारण समजून घ्या. कॅमेऱ्याचे भिंग हरभऱ्याच्या दाण्याएवढेही नसते. त्यावर तेलकट बोट लागले की आत जाणारा उजेड सरळ न जाता विखुरतो. म्हणून सगळ्या फोटोवर धुके पसरते आणि दिव्याभोवती खळे दिसते. पुसताना एक काळजी घ्या. आपल्याकडे धूळ फार, आणि धुळीत वाळूचे बारीक कण असतात. आधी फुंकर मारून धूळ उडवा, मग स्वच्छ, मऊ सुती कापडाने हलक्या हाताने पुसा. मातीने भरलेल्या धोतराच्या सोग्याने घासलेत तर काचेवर ओरखडे उठतील, आणि ते पुसून जायचे नाहीत. नवीन फोनवर दुकानातली पातळ झिल्ली तशीच राहिली असेल, तर तीही काढून टाका.

आता उजेड. पुष्कळांची तक्रार असते, "पीक काळे दिसते आणि आभाळ पांढरे." सूर्य समोर असला की असे होते. आपला डोळा आभाळ आणि झाड दोन्ही सांभाळतो, कॅमेऱ्याला ते तितकेसे जमत नाही. तो समोरच्या सगळ्या उजेडाचा अंदाज घेतो, आभाळाने दिपतो आणि उजेड कमी करून टाकतो. बीड शहरातले कंकालेश्वराचे देऊळ तुम्ही पाहिले असेल. भोवती पाणी, वर आभाळ आणि मधोमध काळ्या दगडाचे देऊळ. तिथे भर दुपारी फोटो काढला तर देवळावरचे कोरीवकाम काळोखात जाते, ते याच कारणाने. उपाय सोपा आहे. सूर्य पाठीशी घ्या. तशी सोय नसेल तर पडद्यावर जिथे पीक दिसते तिथे बोट टेकवा. बहुतेक फोनांत तिथे एक छोटा सूर्य उमटतो. तो बोटाने वर सरकवला की चित्र उजळते, खाली सरकवला की मंदावते. एचडीआर नावाची सोय चालू असेल तर फोन कमी-अधिक उजेडाची अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक करतो. म्हणून बटण दाबल्यावर क्षणभर हात स्थिर ठेवावा.

तिसरी गोष्ट हाताची. संध्याकाळी काढलेला फोटो हललेला का येतो? भर उन्हात कॅमेऱ्याला सेकंदाचा हजारावा भागही पुरतो. दिवस मावळला की उजेड गोळा करायला त्याला सेकंदाचा पंधरावा-विसावा भाग लागतो. तेवढ्यात हात हलला की चित्रही हलले. तेव्हा दोन्ही हातांनी फोन धरा, कोपरे बरगड्यांना टेकवा आणि श्वास रोखून बटण दाबा. पडद्यावरचे बटण दाबताना फोन हलत असेल तर आवाज कमी-जास्त करायचे कडेचे बटण वापरा. बहुतेक फोनांत त्यानेही फोटो निघतो. हात थरथरत असेल तर दोन-तीन सेकंदांचा टायमर लावून फोन झाडाच्या बुंध्याला किंवा मोटारसायकलच्या सीटला टेकवून धरा.

चौथी गोष्ट अंतराची. कपाशीच्या बोंडात अळी दिसली, की ती कृषी सहायकाला दाखवायला आपण फोन अगदी नाकाशी धरल्यासारखा बोंडाशी नेतो. मग अळी दिसतच नाही. पोथी डोळ्यांना चिकटवली तर वाचता येईल का? कॅमेऱ्याचेही तसेच आहे. फार जवळचे त्याला स्पष्ट दिसत नाही. वीतभर मागे या, बोंडावर बोट टेकवा, फोटो घ्या, आणि मग हवा तेवढाच भाग कापून पाठवा. पान बारीक असेल आणि कॅमेरा मागच्या मातीवरच नजर लावत असेल, तर पानामागे आपला तळहात धरा. पान वाऱ्याने हलायचेही थांबेल. आणि दोन बोटांनी चित्र ताणून लांबचे जवळ आणू नका. बहुतेक साध्या फोनांत त्याने लांबची वस्तू खरोखर जवळ येत नाही, आहे तेच चित्र फुगवले जाते. त्यापेक्षा चार पावले चालावे.

आता फोनच्या आत वळू. ॲप उघडले आणि कॅमेरा काळा, किंवा "स्थान मिळत नाही" अशी सूचना येते. इथे परवानगीचा प्रश्न असतो. ॲप पहिल्यांदा उघडताना फोन विचारतो, कॅमेरा वापरू द्यायचा का, स्थान कळू द्यायचे का? आपण घाईत किंवा भीतीने 'नाही' दाबतो. अलीकडच्या अँड्रॉइड फोनांत दोनदा नाही म्हटले की फोन पुढे विचारतच नाही. मग कितीही वेळा ॲप उघडा, उपयोग नाही. अशा वेळी सेटिंग्जमध्ये जा, तिथे ॲप्सची यादी उघडा, आपले ॲप निवडा आणि 'परवानग्या' किंवा 'परमिशन' या नावाखाली कॅमेरा व स्थान या दोन्हींना मुभा द्या. 'अचूक स्थान' असा पर्याय दिसला तर तोही चालू करा. नाहीतर फोन नुसता अंदाजे परिसर सांगतो, आणि तुमच्या गटाऐवजी भलतीकडेच खूण पडते. मात्र अशी मुभा ओळखीच्या, सरकारी कामाच्या ॲपलाच द्यावी. कोणीही पाठवलेल्या ॲपला देऊ नये.

फोनला आपली जागा कळते ती आकाशातल्या उपग्रहांच्या संदेशांवरून. त्यासाठी इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही. रेंज असली तर काम लवकर होते, एवढेच. बालाघाटच्या डोंगरकुशीत रेंज नसली तरी उघड्या आभाळाखाली जागा मिळू शकते. पण पत्र्याच्या शेडमध्ये किंवा दाट आंब्याखाली उभे राहून ती नीट मिळायची नाही. तेव्हा स्थान चालू करून शेताच्या मधोमध मोकळ्यावर या आणि मिनिट-दोन मिनिटे थांबा. फोनची तारीख आणि वेळही 'आपोआप' या खुणेवर ठेवा. तारीख चुकली तर पुराव्यालाच बाध येतो.

"जागा शिल्लक नाही" ही आणखी एक तक्रार. साधारण फोटोला तीन ते पाच एमबी जागा लागते, आणि एका मिनिटाची चित्रफीत वीस-पंचवीस फोटोंएवढी जागा खाते. त्यात रोज सकाळी येणारे फुलांचे आणि सुविचारांचे फोटो साठत असतात. ते काढून टाका. पण काढलेले फोटो काही दिवस फोनच्या कचरापेटीत पडून असतात, म्हणून ती पेटीही रिकामी करा. मात्र ॲपचा 'डेटा साफ करा' हे बटण विचार केल्याशिवाय दाबू नका. वर न चढवलेली नोंद त्यात असेल तर तीही जाईल.

कॅमेरा अजिबात उघडत नसेल तर व्हिडिओ कॉल चालू आहे का पाहा. एका वेळी एकानेच कॅमेरा वापरायचा असतो. तेही नसेल तर फोन बंद करून पुन्हा सुरू करा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पुष्कळ फोन सुमारे ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचे म्हणून बनवलेले असतात. उन्हात डॅशबोर्डवर पडलेला फोन तापला की फ्लॅश आणि कॅमेरा बंद पडतो. कव्हर काढून सावलीत ठेवा. माठाला टेकवू नका, फ्रिजमध्ये तर मुळीच नको. एकदम गार केले की आत दव धरते.

फोटो चांगला आला, तरी पाठवताना बिघडू शकतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो लहान केला जातो आणि त्याच्या आत नोंदलेले स्थान निघून जाते. मूळ फोटो पोचवायचा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पासबुक किंवा सातबारा यांचा फोटो घ्यायचा झाल्यास कागद दाराशी उजेडात जमिनीवर ठेवा, फोन त्याच्या बरोबर वर आडवा धरा आणि फ्लॅश बंद ठेवा. प्लास्टिकच्या आवरणावर फ्लॅश चमकतो आणि नेमके आकडेच झाकले जातात. रात्री दिव्याखाली फोटोत काळे पट्टे आले तर घाबरू नका. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने काही दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. फोनमध्ये लुकलुक रोखण्याची सोय असेल तर ती ५० हर्ट्झवर ठेवा, नाहीतर सरळ सकाळची वाट पाहा.

शेवटी एक सवय लावून घ्या. पुराव्याचा फोटो एकच काढू नये. ॲपमध्ये लागतील ते फोटो तर घ्याच, शिवाय आपल्या फोनमध्ये तीन फोटो वेगळे ठेवा. एक लांबून, त्यात विहीर, लिंबाचे झाड किंवा देवळाचा कळस अशी ओळखीची खूण यावी. दुसरा पिकाच्या ओळींचा. तिसरा जवळून, पानाफुलाचा. काढल्यावर तिथेच, शेतात उभे असताना, चित्र मोठे करून पाहा. घरी येऊन पाहिले आणि धुरकट निघाले तर पुन्हा तेवढी पायपीट. आणि हे काम मुदतीच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नका. त्या दिवशी सगळ्यांचीच घाई असते आणि ॲपही रेंगाळते.

ऊसतोडीला निघणाऱ्या तरुण मंडळींना आणखी एक सांगणे आहे. गाडी भरण्याआधी एक सकाळ काढा. घरी राहणाऱ्या आई-वडिलांना शेतात घेऊन जा. परवानग्या, स्थान, तारीख, सगळे आधी लावून द्या. मग फोन त्यांच्या हातात द्या आणि फोटो त्यांनाच काढू द्या. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा. पहिला हलेल, दुसरा काळा येईल. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांना जमेल. आणि हो, खिशात एक स्वच्छ फडके ठेवायला सांगा. आमचे आजोबा आता तंबाखूच्या डबीबरोबर तेही जवळ बाळगतात.