पावती फाडली, परवानगी कुठे आहे?

गेल्या काही वर्षांत सह्याद्रीतल्या भटकंतीचा चांगला धंदा झाला. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून बस भरून निघते. माणशी पैसे आधीच घेतलेले असतात. त्यात तंबू, सकाळचे पोहे-चहा, गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक मुलगा आणि परतीच्या वाटेवर गावातलं जेवण, एवढं सगळं येतं. यात गैर काही नाही, पायथ्याच्या गावांना यातून चार पैसे मिळतात. पण धंदा ज्या जमिनीवर उभा आहे ती आयोजकाची नाही आणि ग्राहकाचीही नाही. तिच्यावर काय करायचं असेल तर कुणाला विचारावं लागतं, याबद्दलचे गैरसमज मात्र घट्ट रुजलेत. वनरक्षकाने हटकलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं.

‘अहो, खाली पावती फाडलीय ना!’

पायथ्याशी मिळणारी पावती बऱ्याच ठिकाणी संयुक्त वन व्यवस्थापन समितीची असते. सिंहगडावर तसंच, कास पठारावरही तसंच. माणशी किंवा गाडीमागे घेतलेल्या या पैशातून कचरा उचलला जातो, वाहनतळ सांभाळला जातो, गावातल्या पोरांना काम मिळतं. एका माणसाने त्या दिवसापुरतं आत यावं, एवढंच ती पावती सांगते. पंचवीस जणांकडून पैसे घ्यावेत, आत तंबू ठोकावेत आणि रात्री स्पीकर लावावा, असं तिच्यावर कुठेही छापलेलं नसतं.

बामणोलीहून वासोट्याला गेलेल्यांना हा फरक चांगला माहीत असतो. तिथे बोटीचे पैसे बोट क्लबला जातात आणि वनखात्याचं शुल्क वेगळं भरावं लागतं. वासोटा कोयना अभयारण्यात आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातही आहे. गडावर मुक्काम चालत नाही, संध्याकाळच्या आत बोट गाठावी लागते. बोटीचे पैसे भरले म्हणून रात्री राहण्याचा हक्क मिळाला, असा वाद तिथे कुणी घालत नाही. तीच माणसं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात गेली की दुसरीच भाषा बोलतात, कारण तिथे वाटा अनेक आहेत आणि पाणी ओलांडावं लागत नाही.

राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला सांगितलं. ती बरेच जण अभिमानाने दाखवतात, आणि दाखवावीच. पण ती आयोजकाच्या तयारीची, प्रशिक्षित माणसांची आणि सुरक्षेच्या साधनांची नोंद आहे. कुठल्या जंगलात जायचं ते अजून विचारायचंच असतं.

‘जंगल सरकारचं, म्हणजे आपल्या सगळ्यांचं’

राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्यांचं आणि राष्ट्रीय उद्यानांचं प्रकरण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात येतं. आत कोण परवानगीशिवाय जाऊ शकतो, याची कलम २७ मधली यादी छोटी आहे: कामावरचा सरकारी नोकर, आत राहण्याची मुभा असलेला, आत जमीन-घर असलेला, सार्वजनिक महामार्गावरून नुसता पलीकडे जाणारा, आणि या लोकांवर अवलंबून असलेली माणसं. बाकी सगळ्यांना परवाना लागतो.

तो कशासाठी देता येतो, हे कलम २८ सांगतं: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. या पाचव्या कारणाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. कायद्याला आतल्या गावातल्या माणसाशी व्यवहार करायला जाणं मान्य आहे. बाहेरच्याने येऊन आत स्वतःची पथारी पसरावी, याला मात्र त्या यादीत जागा नाही. २०२२ च्या दुरुस्तीने छायाचित्रणाच्या जोडीला चित्रपट-निर्मिती आली, पण अधिवासात बदल न करता आणि वन्यजीवांना त्रास न देता, या अटीवर. लग्नाआधीच्या चित्रीकरणासाठी धुराच्या नळकांड्या घेऊन निघालेल्यांनी ती अट एकदा वाचून घ्यावी.

परवानगी मागणाऱ्याची अडचणही खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. चढणीची वाट वनखात्याची, माथ्यावरची तटबंदी पुरातत्त्वाची आणि मधलं पठार कुणाच्या तरी सातबाऱ्यावरचं, असं सह्याद्रीत हमखास आढळतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेले बारा किल्ले घ्या. जिंजी तमिळनाडूत आहे. महाराष्ट्रातल्या अकरांपैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे. म्हणजे यादी एक असली तरी अर्ज दोन वेगवेगळ्या दारांत द्यायचे. नवख्या आयोजकाचा यात गोंधळ होणारच. दहा वर्षं याच वाटांवर पैसे कमावणाऱ्याला मात्र ती सबब देता येत नाही.

‘आमचं ना नफा ना तोटा, फक्त कॉन्ट्रिब्युशन’

व्हॉट्सॲपवरच्या निम्म्या ट्रेकच्या संदेशांत हे वाक्य असतं. अभयारण्याच्या कायद्याला नफा झाला की तोटा, याच्याशी काही देणं-घेणं नाही. तो विचारतो, आत कशाला चाललात आणि परवाना आहे का. पायाखाली तुडवल्या जाणाऱ्या गवताला आयोजकाचा ताळेबंद कळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत हा मुद्दा नियमातच बसवला आहे: ७५ किंवा त्याहून जास्त माणसांचा गट असेल, तर एक छदामही न घेता जमलेला असला तरी परवाना लागतो. पैसे घेणाऱ्यांचा परवाना वेगळा. आपल्याकडे संख्येचा असा सरसकट उंबरठा नाही, आणि माझ्या मते तो असायला हवा.

ग्राहकाने फार काही करायची गरज नाही. पैसे पाठवण्याआधी आयोजकाला तीन गोष्टी विचाराव्यात: परवाना कुणाच्या नावाने आहे, कोणत्या तारखेचा आहे, किती जणांचा आहे. उत्तरादाखल प्रवेशशुल्काच्या जुन्या पावतीचा फोटो आला, तर काय समजायचं ते समजावं.

‘परवानगी मिळाली, आता जबाबदारी खात्याची’

हा गैरसमज सर्वांत महागात पडणारा आहे, आणि तो ट्रेकवाल्यांपुरता नाही.

मार्च २०१६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पूरमैदानावर आर्ट ऑफ लिव्हिंगचा जागतिक सांस्कृतिक महोत्सव तीन दिवस झाला. दिल्ली विकास प्राधिकरणाची परवानगी होती. नदीवर तरंगते पूल टाकायला लष्कर आलं होतं, पंतप्रधान उद्घाटनाला होते. यापेक्षा जास्त सरकारी आशीर्वाद एखाद्या कार्यक्रमाला मिळणं अवघड. तरीही राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने आयोजकांना ५ कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई भरायला लावली. प्राधिकरणालाही ५ लाखांचा दंड केला. तज्ज्ञ समितीने पूरमैदान पूर्ववत करायला सुमारे ४२ कोटी रुपये आणि दहा वर्षं लागतील, असा अंदाज दिला. संस्थेने नुकसान केल्याचा आरोप शेवटपर्यंत अमान्य केला. पण डिसेंबर २०१७ च्या निकालात न्यायाधिकरणाने जबाबदारी तिच्यावरच ठेवली. परवाना खिशात होता, म्हणून झालेल्या नुकसानीतून सुटका झाली नाही.

उत्तराखंडातल्या औलीला जून २०१९ मध्ये एका उद्योगपती कुटुंबातली दोन लग्नं झाली. मंडप, हेलिकॉप्टर, पाहुण्यांच्या रांगा, सगळं हिमालयातल्या गवताळ उतारावर. उच्च न्यायालयाने नुकसानीची हमी म्हणून ३ कोटी रुपये जमा करायला सांगितले. आधी अनामत आणि नंतर पाहणी, हा क्रम मला आवडतो. आपल्याकडे गडावरच्या कार्यक्रमांना परवानगी देताना अनामत मागितली, तर अर्धे कार्यक्रम आपोआप मंगल कार्यालयात जातील.

आता आपल्याच विदर्भातलं उदाहरण. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एक वाघीण आणि तिचे बछडे रस्त्यावर होते. सफारीच्या गाड्यांनी त्यांना दोन्हीकडून अडवून धरलं. यातली एकही गाडी चोरून आत आलेली नव्हती. आरक्षण झालेलं, गाइड खात्याने नेमलेले, चालक नोंदणीकृत. चित्रफीत पसरली, चालक आणि गाइड निलंबित झाले, दंड झाला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. परवाना प्रवेशाचा होता. आत वाघापासून अंतर किती ठेवायचं, कुठे थांबायचं नाही, या अटीही त्याच परवान्याचा भाग होत्या. त्या अटी गेटवर वाचून दाखवतात, पण गाडीतल्या पर्यटकाला त्या फक्त चालकासाठी आहेत असं वाटतं. ‘थोडी पुढे घ्या ना दादा’ म्हणणाऱ्या पर्यटकाला मात्र कुणी निलंबित करत नाही.

छोटे, पण चिवट

‘ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला आहे.’ २०२१ च्या ड्रोन नियमांनी एवढ्या छोट्या ड्रोनला वैमानिक प्रमाणपत्रातून सूट दिली. ती सूट विमान वाहतुकीच्या नियमांपुरती आहे. खालची जमीन अभयारण्याची किंवा संरक्षित स्मारकाची असेल, तर तिथल्या अधिकाऱ्याची परवानगी वेगळी लागते.

‘गोव्यातला शॅक म्हणजे त्या माणसाची जागा.’ किनारा कुणाच्या नावावर नसतो. सरकार हंगामापुरती जागा सोडत काढून देतं. बांधकाम तात्पुरतं असावं लागतं, पावसाळ्याआधी सगळं उतरवावं लागतं आणि जागा दुसऱ्याला चालवायला द्यायला मनाई आहे. ही शेवटची अट किती पाळली जाते, हे कळंगुटला कुणालाही विचारा.

‘कायद्याने जंगलात हॉटेल होऊच शकत नाही.’ अभयारण्यात व्यापारी निवासांना राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वमान्यता लागते, हे खरं. पण वन संवर्धन कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने कार्ययोजनेत समाविष्ट असलेल्या निसर्ग-पर्यटनाच्या सुविधा ‘वनेतर वापर’ या व्याख्येतून बाहेर काढल्या. म्हणजे यापुढे भांडण हॉटेल चालेल की नाही यावर होणार नाही. कार्ययोजनेत काय लिहिलं आहे, यावर होईल. ती योजना मिळवून वाचणारे किती जण असतील?

‘माणसांचा आकडा बाबूंनी हवेतून काढलेला असतो’

इथे तक्रार करणाऱ्याचं अगदीच चुकत नाही. कासला दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आहे. तिथे जांभ्यावर मातीचा पातळ थर आहे, पाणी साचणाऱ्या खळग्यांत इवलीशी फुलं येतात. ३,००० माणसं दिवसभर वाटेवरून चालली, तर पठार ते सहन करील. दोनशे माणसं फोटोसाठी खळग्यात उतरली, तर नाही करणार. म्हणून नुसत्या आकड्याला अर्थ थोडा आहे. वाट, वेळ आणि त्या आठवड्यातला पाऊस धरून तो ठरवावा लागतो.

नुसता आकडा ठरवला की काय होतं, ते रूपकुंडच्या वाटेवर दिसलं. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे हिमालयातल्या उंच कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला आणि पर्यटकांची संख्या २०० वर आणली. त्या वाटेवरच्या आली-बेदनी कुरणांची दुर्दशा पाहता हस्तक्षेप गरजेचा होता. पण मुक्काम नाही म्हटल्यावर रूपकुंडचे व्यावसायिक ट्रेक थांबले, आणि पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांसह सगळे गट शेजारच्या दुसऱ्या वाटांकडे वळले. एका कुरणावरची गर्दी उठून दुसऱ्यावर बसली.

‘परवाना फक्त वनखातंच देतं’

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव या समजाला कधीच ओलांडून गेलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. हा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. गावातले नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या अभ्यासगटांची तयारी त्यामागे होती. कागदावर हक्क मिळाला, तरी बांबू तोडून विकायला निघालं की गाडी अडायची. वाहतूक पास द्यायचा अधिकार वनखात्याचा होता, आणि बांबू हे गौण वनउपज नाही असं खातं म्हणत होतं. कायद्याच्या व्याख्येत मात्र बांबू स्पष्ट लिहिलेला होता.

एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, आणि वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं गेलं. जंगलातून बाहेर पडणाऱ्या मालावर त्यानंतर ग्रामसभेची सही चालू लागली. वनजमिनीवरच्या व्यापारी व्यवहाराचा परवाना गावच देऊ लागलं. ज्या गावात सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय होत नाही, तिथे परवाना मिळवणं वनक्षेत्रपालाच्या कार्यालयापेक्षा सोपं असेल, असं समजू नये.

अभयारण्यांनाही हा वारा लागला आहे. २०२२ च्या दुरुस्तीनुसार वनहक्क कायदा लागू असलेल्या भागात अभयारण्याची व्यवस्थापन योजना ग्रामसभेशी सल्लामसलत करूनच करायची आहे. घाटमाथ्यावरच्या ट्रेक-आयोजकांपैकी किती जणांनी आजवर पायथ्याच्या गावाच्या ग्रामसभेपुढे जाऊन सांगितलं असेल, की आम्ही महिन्याला इतकी माणसं आणतो, तुमचं काय म्हणणं आहे? बहुतेकांची गावाशी ओळख जेवणाच्या ऑर्डरपुरती असते. तो प्रश्न विचारला जाईल, तेव्हा ग्रामसभेकडून येणाऱ्या अटी खात्याच्या छापील अटींपेक्षा कडक असतील, असा माझा कयास आहे. पाणी कोणत्या टाक्यातलं घ्यायचं, विधीला कुठे जायचं, रात्री कितीला गप्प बसायचं, हे तिथे राहणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं.