व्हीपीएन मध्येच तुटलं तर काय होतं? ‘किल स्विच’ कशासाठी असतो?

समजा, देवळाली प्रवरात राहणारी एक तरुणी आहे. (नाशिकजवळचं लष्करी देवळाली नाही, हे अहिल्यानगर जिल्ह्यातलं, राहुरी तालुक्यातलं.) ती जिथे काम करते तिथला काही गैरप्रकार तिला एका पत्रकाराला कळवायचाय. तिने नवं ईमेल खातं काढलं, फोनवर व्हीपीएन चालू केलं आणि घरच्या वायफायवरून कागदपत्रांचे फोटो पाठवायला घेतले. तेवढ्यात लाईट गेली. राउटर बंद पडला आणि फोन निमूटपणे मोबाईल डेटावर गेला. वीसेक सेकंदांनी व्हीपीएन पुन्हा जोडलं गेलं. फोटो पोहोचले. तिला वाटलं, काम झालं.

पण त्या वीस सेकंदांत ईमेल ॲप थांबून राहिलं नव्हतं. त्याने तिच्या सिमच्या नेटवरून थेट संपर्क केला असेल, तर ईमेल कंपनीच्या नोंदीत आता तिचा खरा आयपी ॲड्रेस आहे. तो आयपी त्या मिनिटाला कोणत्या ग्राहकाकडे होता, हे मोबाईल कंपनीला शोधता येतं. अशा नोंदी किमान 2 वर्षं ठेवण्याची अट भारतातल्या टेलिकॉम परवान्यातच आहे.

हे घडतं कारण फोन आणि लॅपटॉप तसेच बनवलेत. व्हीपीएन सुरू झालं की यंत्रात एक आभासी नेटवर्क तयार होतं आणि सगळा डेटा त्या बोगद्यातून जायला लागतो. बोगदा कोसळला की ऑपरेटिंग सिस्टिम दुसरा चालू रस्ता शोधते, म्हणजे तुमचं नेहमीचं नेट. ती तुम्हाला विचारत बसत नाही. नेट चालू ठेवणं एवढंच तिला माहीत असतं.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्या साइट्सना एचटीटीपीएसचं कुलूप असतंच की. बरोबर आहे. मजकूर त्यामुळे झाकलेला राहतो. पण तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते नाव बहुतेक वेळा नेट पुरवणाऱ्याला दिसू शकतं आणि समोरच्या साइटला तुमचा आयपी दिसतो. मोठ्या शहरात नेट पुरवणारी कंपनी म्हणजे कोणीतरी अनोळखी. छोट्या गावात केबलचं नेट देणारा माणूस अनेकदा ओळखीचा असतो, त्यामुळे प्रश्न जास्त नाजूक होतो.

एका चुकीने काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 2016च्या निवडणुकीच्या काळात डेमोक्रॅटिक पक्षाची कागदपत्रं फोडणारा ‘गुसिफर 2.0’ स्वतःला एकटा रोमानियन हॅकर म्हणवत होता. ‘डेली बीस्ट’ने मार्च 2018मध्ये दिलेल्या बातमीनुसार, एकदा तो व्हीपीएन चालू न करताच लॉगिन झाला आणि एका सोशल मीडिया कंपनीच्या सर्व्हरवर मॉस्कोतला आयपी उमटला. तिथून माग रशियन लष्करी गुप्तचर संस्थेपर्यंत गेला. त्याचं व्हीपीएन तुटलं नव्हतं, लावायचंच राहिलं होतं. पण दोन्हींचं फळ एकच.

किल स्विच नेमकं इथे काम करतो. तो फायरवॉलमध्ये नियम घालतो की व्हीपीएनच्या सर्व्हरशिवाय दुसरीकडे एकही पॅकेट जाऊ द्यायचं नाही. बोगदा तुटला तर नेटच बंद. आधी चिडचिड होते. नेट गेलं म्हणून लोक हे सेटिंग काढूनही टाकतात. पण नेट बंद पडणं हेच त्याचं काम आहे.

अँड्रॉइडमध्ये ही सोय फोनच्या सेटिंगमध्येच आहे. नेटवर्कच्या विभागात व्हीपीएन उघडा, ॲपच्या नावापुढचं चाक दाबा. तिथे ‘ऑलवेज-ऑन व्हीपीएन’ आणि ‘ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन’ असे दोन पर्याय दिसतील. अँड्रॉइड 8पासून दोन्ही मिळतात. फक्त पहिला चालू करून भागत नाही, कारण तो व्हीपीएन पुन्हा जोडतो, मधली गळती थांबवतो तो दुसरा. लॅपटॉपवर व्हीपीएन ॲपच्या सेटिंगमध्ये किल स्विच शोधावा लागतो. काही ॲप्समध्ये तो आधीपासून चालू असतो, काहींत नसतो. त्यातही काही किल स्विच फक्त निवडलेली ॲप्स बंद करतात. पूर्ण यंत्राचं नेट अडवणारा केव्हाही बरा.

तरीही शंभर टक्के खात्री कोणी देऊ नये. 2020मध्ये प्रोटॉनने दाखवून दिलं की आयफोनवर व्हीपीएन लावण्याआधी उघडलेली कनेक्शन्स बंद होत नाहीत, ती बोगद्याबाहेरच चालू राहू शकतात. 2022मध्ये मुलवाड या व्हीपीएन कंपनीला आढळलं की ब्लॉकचा पर्याय चालू असूनही अँड्रॉइड ‘नेट आहे का’ हे तपासणारी छोटी विनंती बाहेरून पाठवतं. गूगलचं म्हणणं होतं, ते मुद्दाम तसंच ठेवलंय. भारतात आयपीव्ही 6चा वापर खूप आहे. व्हीपीएन फक्त आयपीव्ही 4 हाताळत असेल, तर ते न तुटताही गळती होऊ शकते.

तपासणी घरीच करता येते. व्हीपीएन लावून ‘माझा आयपी’ दाखवणारी एखादी साइट उघडा. मग वायफाय बंद करून फोन डेटावर जाऊ द्या आणि लगेच, व्हीपीएन जोडायच्या आत, साइट पुन्हा लोड करा. पान उघडलंच नाही तर किल स्विच काम करतोय. तुमच्या मोबाईल कंपनीचा आयपी दिसला तर करत नाहीये. दोन-तीनदा करून बघा, एकदा नशिबानेही जमतं.

अजून एक गोष्ट. 28 एप्रिल 2022च्या आदेशात सर्ट-इनने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, ईमेल, आयपी अशी माहिती 5 वर्षं ठेवायला सांगितली. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. म्हणजे किल स्विच गळती थांबवेल, पण बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेली कंपनी काय नोंदवते, ते त्याच्या हातात नाही. फुकटचं व्हीपीएन घेताना हा प्रश्न आधी विचारावा.

त्या तरुणीने हे दोन्ही पर्याय आधीच चालू केले असते, तर लाईट गेल्यावर तिच्या स्क्रीनवर फक्त एवढंच दिसलं असतं: फोटो पाठवले गेले नाहीत, पुन्हा प्रयत्न करा.