पुतळ्यापासून छत्रीपर्यंत

झाशीला पहिल्यांदा गेले ती 2006 साली, छत्तीस फोटोंचा एक रोल घेऊन. मनातलं चित्र आधीच पक्कं होतं: उधळलेला घोडा, उगारलेली तलवार, पाठीशी बांधलेलं मूल. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर लहानपणापासून पुतळ्यात पाहिलेली राणी लक्ष्मीबाईच मी तिथे शोधत होते. अर्धा रोल अश्वारूढ पुतळ्यावर संपला. उरलेला किल्ल्यातल्या कडक बिजली तोफेवर, आणि जिथून राणीने घोड्यासह उडी घेतली असं सांगतात त्या तटावर.

2013 मध्ये पुन्हा गेले. डिजिटल कॅमेरा होता, घाई नव्हती. वीरसिंहदेव बुंदेल्याने 1613 साली बांधलेल्या किल्ल्याला मराठा सुभेदार नारोशंकरांनी नंतर जोडलेला भाग शंकरगड म्हणून ओळखला जातो, हे त्या खेपेला कळलं. मग राणीमहालात गेले. झाशीच्या नेवाळकर घराण्यातल्या रघुनाथरावांनी बांधलेला हा वाडा. 1854 मध्ये संस्थान खालसा झाल्यावर किल्ला सोडून राणी इथे राहायला आली. दरबाराच्या दालनातली रंगीत वेलबुट्टी टिपायला मी फ्लॅश बंद ठेवला, खिडकीतून उजेड आत येईपर्यंत थांबले. ज्या घरात माणूस राहिलं, त्याचा फोटो घाईने काढवत नाही. परतल्यावर विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ नव्याने वाचला. 1858 मध्ये इंग्रजांनी केलेल्या लुटीत त्यांच्या डोळ्यांदेखत उद्ध्वस्त झालेली झाशी आता मला गल्ल्यांसकट दिसू लागली.

2022 मध्ये तिसऱ्यांदा गेले, तेव्हा स्टेशनावर ‘वीरांगना लक्ष्मीबाई’ ही नवी पाटी होती. या वेळी पहिल्याच सकाळी लक्ष्मीतालाकाठी गेले. 21 नोव्हेंबर 1853 ला राणीचे पती गंगाधरराव वारले. त्यांची छत्री, म्हणजे स्मारक, राणीने इथे उभारली. तिची स्वतःची समाधी मात्र ग्वाल्हेरला, फुलबागेत आहे. छत्रीच्या कमानीतून ऊन आत सरकत होतं. दुपारपर्यंत मी फक्त नऊ फोटो काढले.

आता तिन्ही खेपांचे फोटो शेजारी ठेवते. पुतळा आपण तिच्यासाठी घडवला, म्हणून त्यात आपल्याला हवी तशी ती आहे. छत्री तिने घडवली. राज्य जाण्याआधी, लढाईत उतरण्याआधी, पतीच्या मागे राहिलेल्या बाईने दगडात ठेवलेलं तिचं दुःख तिथे अजून उभं आहे. झाशीला जाणाऱ्याने कॅमेऱ्यात थोडी जागा त्यासाठी राखून ठेवावी.