नगरपालिकेतले साहेब शिकतात कुठे आणि कुणाकडून?

काही वर्षांपूर्वीची जून महिन्यातली गोष्ट. पहिलीच्या प्रवेशासाठी एक अम्मी मुलाचा जन्मदाखला घेऊन आल्या. दाखल्यावर तारीख, दवाखाना, आई-वडिलांची नावं, सगळं होतं. बाळाच्या नावाची जागा मात्र कोरी. आपल्याकडे हे फार होतं. प्रसूतीनंतर दवाखाना नोंद पाठवतो तेव्हा नाव ठरलेलं नसतं. पुढे नाव ठेवलं जातं, अकीका होतो, पाहुणे जेवून जातात, पण नगरपालिकेत जाऊन ते नाव चढवायचं राहून जातं.

मी त्यांना नगरपालिकेत पाठवलं. दोन दिवसांनी त्या परत आल्या, डोळ्यांत पाणी. खिडकीवरच्या बाबूंनी सांगितलं होतं की मूल सहा वर्षांचं झालं, एक वर्षाच्या वर गेलं, आता कोर्टाचा आदेश आणा. शौहर पॉवरलूमवर कामाला. दोन खाडे झाले होते आणि एका वकिलाने फी सांगूनही टाकली होती.

माझी एक मैत्रीण दुसऱ्या गावच्या नगरपालिकेत याच विभागात होती. तिला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, त्यांनी दोन कलमांची गल्लत केलीये."

गल्लत काय ते नीट समजून घ्या, कारण हे कुणाच्याही घरी घडू शकतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. त्यातलं कलम १३ उशिरा केलेल्या नोंदणीबद्दल आहे. जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यानंतर एक वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी, आणि एक वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. पण हे सगळं जन्माची नोंदच झाली नसेल तेव्हाचं. नोंद झालीये, फक्त नाव घालायचं राहिलंय, यासाठी वेगळं कलम १४ आहे. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव दिलं तर फुकट, आणि पुढे १५ वर्षांपर्यंत किरकोळ शुल्क भरून नाव चढवता येतं. तिथे कोर्टाचा काही संबंध येत नाही.

मी त्या बाबूंना भेटले. भांडायच्या तयारीनेच गेले होते, खरं सांगते. मैत्रिणीशी फोनवर बोलायला दिलं. पाच मिनिटं बोलले, रजिस्टर काढलं आणि अर्ज घेतला. मग मला म्हणाले, "मॅडम, मी आधी पाणीपट्टीला होतो. चार महिन्यांपूर्वी या टेबलावर आणून बसवलं. शिकवलं कुणीच नाही."

हे वाक्य मी विसरले नाही. नगरपालिकेबद्दल आपण बोलतो ते पैसे खाण्याबद्दल, वशिल्याबद्दल, किंवा आपल्या मोहल्ल्याकडे दुर्लक्ष होतं याबद्दल. त्यात खरं असतंच. पण खिडकीमागच्या माणसाला त्याचं काम कुणी शिकवलं का, आणि अडलं तर तो विचारतो कुणाला, हे आपण कधी विचारत नाही. त्या घरचे दोन दिवसांचे पैसे बुडाले ते लाचखोरीमुळे बुडाले नव्हते.

आता जरा वरच्या खुर्चीकडे पाहू. नगरपरिषदेत नगराध्यक्ष आणि नगरसेवक निवडून येतात, पण रोजचा कारभार मुख्याधिकारी चालवतो, म्हणजे आपले सीओ साहेब. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांची १८ कामं दिली आहेत. पाणी, रस्ते, कचरा, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, जन्म-मृत्यूची नोंद, दफनभूमी, कत्तलखान्यांचं नियमन, सगळं त्यातच. कब्रस्तानच्या भिंतीचा प्रस्ताव आणि मदरशासमोरच्या गटारीची तक्रार एकाच टेबलावर येते. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या निवडणुका लांबल्या आणि डिसेंबर २०२५ मध्ये कुठे मतदान झालं. मधली काही वर्षं प्रशासकच होता, अनेक गावांत तर हे सीओ साहेबच. इतकं सगळं एका माणसाच्या हातात असेल तर त्याची तालीम काय झाली, हा आपल्याही घरचा प्रश्न आहे.

मुख्याधिकारी साधारणपणे एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेतून निवडले जातात, काही गट अ चे, काही गट ब चे. निवड झाल्यावर परिविक्षाधीन काळात त्यांचं प्रशिक्षण होतं. पुण्याची यशदा आणि नागपूरची वनामती यांसारख्या संस्था ते चालवतात. यशदा म्हणजे यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी. १९६३ मध्ये ती मुंबईत सुरू झाली, नंतर पुण्यात आली. या प्रशिक्षणात उद्याचे उपजिल्हाधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि मुख्याधिकारी एकत्र शिकतात. वर्गातलं किती लक्षात राहतं कोण जाणे, पण एकाच मेसमध्ये जेवलेली ही बॅच पुढे वीस-पंचवीस वर्षं एकमेकांच्या उपयोगी पडते. पाणीपुरवठ्याच्या जागेचा सातबारा अडला की मुख्याधिकारी आधी आपल्या बॅचच्या तहसीलदाराला फोन लावतो, पत्र नंतर जातं.

दुसरी संस्था त्याहून जुनी आहे. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ मध्ये मुंबईत स्थापन झाली. नगरपालिकांतले कारकून, लेखापाल, स्वच्छता निरीक्षक अशा मधल्या फळीला शिकवणं हे तिचं पहिल्यापासूनचं काम. एलजीएस आणि एलएसजीडी हे तिचे पदविका अभ्यासक्रम नगरपालिकेत नोकरी करणाऱ्यांना नावाने माहीत असतात. माझ्या मैत्रिणीने नोकरी करत करत एलजीएस केलं होतं. कलम १४ तिला पाठ होतं ते उगाच नाही.

हल्ली मोबाइलवरचे कोर्सही आले आहेत. केंद्राचा कर्मयोगी कार्यक्रम २०२० पासून आहे. आम्हा शिक्षकांना असल्या ऑनलाइन कोर्सचा चांगला अनुभव आहे. व्हिडिओ एका बाजूला चालू, भाजी दुसऱ्या बाजूला चालू, शेवटी प्रमाणपत्र हातात. नगरपालिकेत वेगळं होत असेल असं मला वाटत नाही. ज्याला खरंच शिकायचंय त्याला मात्र घरबसल्या पुष्कळ मिळतं, हेही खरं.

आमच्या केंद्राची दर महिन्याला शिक्षण परिषद होते. भाषण संपलं आणि चहा आला की खरी परिषद सुरू होते. "तुझ्याकडे अमुक पोरगं वाचत नव्हतं, तू काय केलंस?" अशा गोष्टी तिथेच कळतात. उर्दूत याला मशवरा म्हणतात. इंग्रजीवाले नेटवर्किंग म्हणतात आणि त्यासाठी व्हिजिटिंग कार्ड छापतात.

मुख्याधिकाऱ्याला असा मशवरा इतरांपेक्षा जास्त लागतो, कारण तो गावात एकटा असतो. शाळेत दहा शिक्षक असतात, दवाखान्यात डॉक्टरला डॉक्टर भेटतो. गावात मुख्याधिकारी एकच. त्याच्यासारखं काम करणारा दुसरा माणूस शेजारच्या गावात, पंचवीस-तीस किलोमीटरवर. खालच्यांना विचारलं तर कमीपणा वाटतो आणि वरच्यांना विचारलं तर 'एवढंही येत नाही?' असं ऐकावं लागण्याची भीती. म्हणून मुख्याधिकाऱ्यांची संघटना, आढावा बैठकांनंतरचं जेवण, बॅचचे व्हॉट्सॲप ग्रुप यांना महत्त्व येतं. एखाद्या गावाने केलेला ठराव किंवा निविदेचा मसुदा दुसऱ्या गावात पोचतो तो असाच.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत स्टॉन्टन नावाच्या शहराने १९०८ मध्ये कारभारासाठी पगारी व्यवस्थापक नेमला. इतर शहरांनीही तसे नेमले आणि १९१४ मध्ये या मोजक्या लोकांनी ओहायो राज्यात एकत्र बसून आपली संघटना काढली. दहा वर्षांत त्यांनी स्वतःसाठी आचारसंहिताही लिहिली. पुढे याच संघटनेच्या मदतीने आपल्या शेजारी गुजरातमध्ये १९९७ च्या सुमारास शहर व्यवस्थापकांची संघटना उभी राहिली, अहमदाबादला.

त्या काळात गुजरातला याची गरज का वाटली असेल, ते सुरतकडे पाहिलं की कळतं. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे प्लेगची साथ आली. लिंबायत, उधना भागात खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात, त्यांत आपलेही लोक आहेत. जळगाव-धुळ्याकडच्या गाड्या भरून माणसं परत आली होती, जुन्या लोकांना आठवत असेल. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी वॉर्डात फिरायला लावलं आणि त्याच दिवशी एकत्र बसून काय पाहिलं ते बोलायला लावलं. दोन वर्षांत शहराचं नाव स्वच्छ शहरांत घेतलं जाऊ लागलं. रावांच्या कडक शिस्तीच्या गोष्टी लोक रंगवून सांगतात. मला त्यापेक्षा ती रोजची बैठक मोठी वाटते. एका वॉर्डातल्या अधिकाऱ्याला दुसऱ्या वॉर्डातली युक्ती त्याच दिवशी कळत होती, त्यासाठी त्याला कुठल्या कोर्सला जावं लागलं नाही.

महाराष्ट्रातलं उदाहरण वेंगुर्ल्याचं. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना कचरा घरातूनच वेगळा करून घेतला जाऊ लागला. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात. छोट्या गावाचा कचरा डेपो पाहायला बाहेरगावचे लोक येऊ लागले. नंतर कोकरे कर्जतला गेले, पुढे कल्याण-डोंबिवली महापालिकेत उपायुक्त झाले आणि जिथे गेले तिथे त्यांनी हेच काम हाती घेतलं. यात खुशीची गोष्ट आहे आणि काळजीचीही. हुनर साहेबांबरोबर दुसऱ्या गावाला गेला हे चांगलंच. पण बदलीच्या कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षांत साहेब हलतात. त्यांनी खालच्या माणसांना शिकवून ठेवलं नसेल तर त्यांच्या मागे गावात फक्त फाइल उरते. आलेल्या नव्या साहेबांना ती फाइल कुठल्या कपाटात आहे हेही ठाऊक नसतं.

म्हणूनच प्रशिक्षण फक्त साहेबांचं असून भागत नाही. राज्याचं प्रशिक्षण धोरण २०११ पासून आहे आणि ते सगळ्या स्तरांवरच्या कर्मचाऱ्यांबद्दल बोलतं. प्रत्यक्षात प्रशिक्षणाचं पत्र आलं की ज्याच्याकडे काम कमी त्याला पाठवतात. ज्याच्यावर सगळा विभाग उभा आहे त्याला सोडता येत नाही, म्हणून तो कधीच जात नाही. आमच्या शाळाखात्यातही हेच चालतं. आणि कंत्राटी सफाई कामगाराला तर कोण विचारतो? गटारीत उतरताना काय घालायचं हे त्याला त्याचा चुलतभाऊ शिकवतो.

आता निवडून आलेले नगरसेवक आहेत. वॉर्डसभेत किंवा भेटीत रस्ता आणि नळ मागाच, पण हेही विचारून पाहा: जन्म-मृत्यू विभागात, करविभागात, आरोग्य विभागात गेल्या वर्षभरात कोण कुठल्या प्रशिक्षणाला गेलं? ही माहिती माहिती अधिकारात मिळते, अर्जाचं शुल्क दहा रुपये. आणि एखाद्या बाबूंनी 'होत नाही' म्हटलं तर कोणत्या कलमाखाली होत नाही, हे अदबीने लिहून मागा. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. त्यात अधिसूचित केलेल्या सेवांना मुदत असते आणि अर्ज नाकारला तर कारण कळवावं लागतं, त्यावर अपीलही करता येतं.

दहावी-बारावीच्या पालकांसाठी एक वेगळी गोष्ट. आपली मुलं डीएड, बीएड, नर्सिंग, आयटीआय ओळखतात. नगरपालिकेची वाट फार थोड्यांना माहीत आहे. नगरपरिषदांच्या राज्यस्तरीय सेवा आहेत: करनिर्धारण, लेखा, स्थापत्य, संगणक, पाणीपुरवठा, अग्निशमन, स्वच्छता निरीक्षक. २०२३ मध्ये या सेवांसाठी १७८२ पदांची जाहिरात निघाली होती. स्वच्छता निरीक्षकाची पदविका एक वर्षाची असते. मुख्याधिकारी व्हायचं तर कुठलीही पदवी आणि राज्यसेवा परीक्षा. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीची धास्ती वाटते. ती घालवायला आठवीपासून रोज मराठी पेपरचा एक रकाना मोठ्याने वाचायला लावा, मी माझ्या वर्गात तेच करते. पेपर घरी येत नसेल तर वाचनालयात जा, तेही नगरपालिकेचंच असतं बहुतेक.

त्या बाबूंची पुढे बदली झाली, आता ते वसुलीला आहेत. जाताना त्यांनी एक काम केलं. कलम १३ आणि कलम १४ मधला फरक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि खाली माझ्या मैत्रिणीचा नंबर लिहिला. गेल्या महिन्यात मी एका दाखल्यासाठी गेले होते. कागद पिवळा पडलाय, नंबर अजून आहे. नव्या मुलीला विचारलं, "या नंबरवर फोन करतेस का कधी?" ती म्हणाली, "आठवड्यातून एकदा तरी."