परतीच्या मालाची वाट

मालदीवची लोकवस्ती सुमारे पाच लाख. आणि 2024-25 या एका वर्षासाठी भारत सरकारने त्या देशाकरिता ज्या अंड्यांची निर्यात मंजूर केली, त्यांची संख्या 42 कोटी 75 लाख. हिंदी महासागरातील बेटांशी व्यापार आणि गुंतवणूक वाढावी म्हणून खटपट करणाऱ्या मुंबईतील एका व्यापारी मंडळाच्या परिषदेत, व्यासपीठावर संधी, सहकार्य आणि समृद्धी यांविषयी भाषणे चालली असता, चहाच्या मेजापाशी मंडळाचे दप्तर सांभाळणाऱ्या बाईंनी हा आकडा मला सांगितला. "ती अंडी तामिळनाडूतली, नामक्कलची. आमच्याकडून कांदा जातो. या एकदा बघायला," असे त्या म्हणाल्या, आणि सकाळपासून ऐकलेल्या सर्व भाषणांपेक्षा ते 42 कोटी माझ्या मनात अधिक घर करून राहिले.

मंडळाची कचेरी फोर्टमधील एका जुन्या इमारतीत आहे. अर्ज येतो, तपासला जातो, शुल्क भरले जाते, माल कोठला याचा दाखला निघतो. कामाचा नित्यक्रम एवढाच. परंतु ज्या देशासाठी हा दाखला निघतो त्या देशाची स्थिती ध्यानात घेतली म्हणजे या नित्यक्रमाचे मोल कळते. प्रवाळाची सुमारे बाराशे बेटे, त्यांपैकी दोनशेच्या आसपास वसलेली. माती उथळ, शेतीयोग्य जमीन नगण्य. तांदूळ, गव्हाचे पीठ, साखर, बटाटा, डाळ, सारे बाहेरून. इतकेच नव्हे, तर चहूंकडून समुद्राने वेढलेल्या या देशाला घर बांधण्यासाठी नदीची वाळूही भारतातून न्यावी लागते, आणि त्याच वर्षी तिचे प्रमाण 10 लाख टन ठरले होते. या जिनसांचा वाटा दरवर्षी ठरवून देण्याची तजवीज 1981 सालच्या व्यापार करारात आहे.

मी गेलो त्या दिवशी नाशिककडचा एक तरुण निर्यातदार बाईंच्या समोर बसला होता. कंटेनर न्हावाशेवा बंदरात उभा, जहाज दुसऱ्या दिवशीचे, आणि माल भारतातच पिकला असे प्रमाणित करणारा दाखला, ज्याला या व्यवहारातील सारी मंडळी नुसते 'सीओ' म्हणतात, अद्याप हाती आलेला नव्हता. हे दाखले आता सरकारी संगणकप्रणालीतून निघत असल्याने रबरी शिक्का मारण्याचे प्रयोजन उरलेले नाही; तरीही बाई प्रत्येक अर्जाची प्रत कागदावर काढून घेतात आणि बिजकावरील ओळ व पॅकिंग लिस्टवरील ओळ यांवर पट्टी ठेवून एकेक अंक ओठांतल्या ओठांत वाचतात. पट्टी एका ठिकाणी थांबली. बिजकावर 1,120 पोती होती, पॅकिंग लिस्टवर 1,102.

"पंचवीस किलोचं पोतं ना? मग अठ्ठावीस टन कुठून आणलेस? या यादीप्रमाणे साडेसत्तावीसच होतात."

"टाइपिंगची चूक आहे मॅडम. माल बरोबर भरलाय."

"तू भरलास ते बरोबरच असेल रे. पण मालेच्या कस्टमवाल्याला तुझा माल आधी दिसत नाही, कागद दिसतो."

हे बोलताना त्यांच्या स्वरात अधिकाराची ऐट अजिबात नव्हती. होती ती काळजी, आणि ती त्या मुलाच्या पैशाची होती तितकीच त्या पोत्यांतील कांद्याची होती. अंकांच्या तफावतीपायी कंटेनर परक्या बंदरात अडकला तर रोजचे भाडे चढते, ओलाव्याने कांद्याला मोड फुटतात, आणि तिकडच्या दुकानदाराची फळी रिकामी राहते. 18 पोत्यांचा तो फरक दुरुस्त होऊन नवी यादी येईपर्यंत बाईंनी दुसऱ्या अर्जाला हात लावला नाही.

डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. चाळीतला माल सडतो की काय या धास्तीने नाशिकचे व्यापारी दिवसभर फोन करीत. ती बंदी जारी असतानाच, 5 एप्रिल 2024 रोजी, सरकारने मालदीवच्या वाट्याचा 35,749 टन कांदा मोकळा केला. दोन्ही सरकारांमधील संबंध त्या वेळी कमालीचे ताणलेले होते. तरीही 1981 पासूनच्या सर्व वर्षांत त्या साली ठरलेला जिनसांचा वाटा सर्वांत मोठा होता. माझ्या मते भारताच्या शेजारधर्माची याहून स्पष्ट साक्ष कोणत्याही संयुक्त निवेदनात सापडणार नाही. मात्र लासलगावच्या ज्या शेतकऱ्याला त्याच दिवसांत अन्य देशांची बाजारपेठ बंद होती, त्याच्या पदरात या शेजारधर्मातून फारसे काही पडले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

मंडळाच्या अहवालात दाखल्यांच्या या कामाला मिळालेली जागा अगदी अल्प आहे. तेथे पानेच्या पाने गुंतवणुकीची, आणि त्यांतही मॉरिशसची. 1982 साली झालेल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारामुळे भारतात येणाऱ्या परकी भांडवलाचा मोठा ओघ कित्येक वर्षे त्या लहानशा बेटावरून वाहत होता. 2016 साली करारात दुरुस्ती होऊन भांडवली नफ्यावरील ती सवलत आटोपली. या पैशापैकी पुष्कळसा मूळचा मॉरिशसचा नव्हताच. तो केवळ त्या वाटेने आला. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गिरमिटावर गेलेल्या कोकणच्या माणसांनी त्या बेटावरच्या उसाच्या मळ्यांत हाडाची काडे केली, आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून नांदतात. त्या बेटाशी आपले नाते करसवलतीच्या हिशेबाने मोजले जावे याचा मला मनापासून खेद होतो. 1 एप्रिल 2021 पासून अमलात आलेल्या नव्या करारान्वये मॉरिशसच्या 615 जिनसांना भारतात जकातीची सवलत मिळते. त्यांत खास प्रतीची साखर आहे, गोठवलेले मासे आहेत, साबण आहे. मंडळाने खरी शक्ती वेचावी ती येथे.

कारण बेटाशी व्यापार करताना मुख्य अडचण परतीच्या मालाची असते. जाताना भरलेला कंटेनर येताना रिकामा आला की जाण्याचे भाडेही महाग पडते, आणि तो भुर्दंड अखेर बेटावरच्या गिऱ्हाइकाच्या माथी बसतो. मालदीवकडून भारतात येणाऱ्या मालात प्रमुख जिन्नस कोणता, असे मी विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, "भंगार. लोखंडाचं, तांब्याचं. आपण 42 कोटी अंडी पाठवतो, आणि ते आपल्याला मोडकं पाठवतात. त्यांच्याकडे दुसरं काही नाही असं नाही हो."

असे म्हणून त्यांनी कपाट उघडून एक पुडके काढले. आत उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवलेल्या कुप्याचे तुकडे होते, लाकडासारखे कठीण, कडेला तांबूस, आत काळपट. पुडके उघडताच धुराचा आणि खाऱ्या माशाचा असा दरवळ सुटला की शेजारच्या टेबलावरील तरुण लेखनिकाने मुकाट्याने खिडकी उघडली. माझे मन मात्र क्षणार्धात पावसाळ्यापूर्वीच्या कोकणातील माळ्यावर जाऊन पोहोचले. हा मासा शतकानुशतके श्रीलंकेत जातो, आणि तेथील स्वयंपाकात त्याच्यावाचून चालत नाही. मालेच्या एका लहान व्यापाऱ्याने तो नमुन्यादाखल पाठवला होता. कार्यकारिणीतील एका सभासदाने नाकाला रुमाल लावून तो बाजूला सारला, तेव्हापासून तो बाईंच्या कपाटात आहे.

त्यांनी मात्र विषय सोडलेला नाही. आयातीसाठी कोणते परवाने लागतील, अन्नसुरक्षा खात्याच्या तपासणीसाठी नमुना कसा द्यावा, गोव्यातील आणि रत्नागिरीतील कोणत्या सुक्या मासळीच्या व्यापाऱ्यांना विचारून पाहावे, याचे टिपण त्यांनी स्वतः, कुणी न सांगता, तयार केले आहे. पुढल्या सभेची विषयपत्रिका त्यांनी मला दाखवली. पहिले चार विषय शिष्टमंडळाच्या दौऱ्याचे होते. पाचवा वाळवलेल्या माशाचा होता, आणि अध्यक्षांच्या मंजुरीची सही त्या पत्रिकेवर अजून व्हायची होती.