ध्वनिमुद्रणाची मालकी आणि कलावंताचे स्वातंत्र्य : प्रिन्स यांच्या ‘इमॅन्सिपेशन’च्या संदर्भात

बीजशब्द : मूळ ध्वनिमुद्रण, स्वामित्वधन, वितरण करार, लोकप्रिय संगीत, प्रिन्स

प्रस्तावना :
लोकप्रिय संगीताचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने गायन, वाद्यमेळ आणि शब्दरचना यांकडे जाते. त्या संगीताची मालकी कोणाकडे असते, हा प्रश्न मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. अमेरिकन गायक, वादक व संगीतकार प्रिन्स (१९५८-२०१६) यांनी १९ नोव्हेंबर १९९६ रोजी प्रकाशित केलेला ‘इमॅन्सिपेशन’ हा संगीतसंच या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. वॉर्नर ब्रदर्स या मोठ्या कंपनीपासून मुक्त झाल्यानंतरची त्यांची ही पहिलीच मोठी निर्मिती होय. प्रस्तुत लेखात या संचामागील आर्थिक व कायदेशीर व्यवहाराचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संघर्षाची पार्श्वभूमी :
मिनियापोलिस शहरातील प्रिन्स यांनी १९७७ साली, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, वॉर्नरशी करार केला. ‘पर्पल रेन’ (१९८४) या संचाने त्यांना जागतिक कीर्ती मिळवून दिली. मात्र त्यांची निर्मितिक्षमता आणि कंपनीचे व्यापारी गणित यांचा मेळ बसेना. एका कलावंताचे संच लागोपाठ बाजारात आले तर ते परस्परांच्याच विक्रीस मारक ठरतात, अशी कंपनीची धारणा होती. १९८६ मध्ये प्रिन्स यांनी तीन तबकड्यांचा संच प्रस्तावित केला असता कंपनीच्या आग्रहाखातर तो दोन तबकड्यांपुरता मर्यादित करावा लागला. तोच पुढे १९८७ मध्ये ‘साइन ओ द टाइम्स’ या नावाने प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनंतरचा ‘इमॅन्सिपेशन’ तीन तबकड्यांचाच का आहे, याचे एक उत्तर या घटनेत सापडते.

१९९२ मध्ये दोन्ही पक्षांत नवा करार झाला. त्याचे मूल्य दहा कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकेल, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. तथापि पुढल्याच वर्षी प्रिन्स यांनी आपल्या नावाचा त्याग करून उच्चार नसलेले एक चिन्ह स्वीकारले आणि गालावर ‘गुलाम’ या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहून ते लोकांसमोर येऊ लागले. कोट्यवधींचा करार करणाऱ्याने स्वतःस गुलाम म्हणवून घ्यावे, हे अनेकांना अनुचित वाटले. परंतु त्यांचा आक्षेप मिळणाऱ्या रकमेवर नसून मालकीवर होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

मालकीचे स्वरूप :
ध्वनिमुद्रित गीतात दोन स्वतंत्र हक्क सामावलेले असतात. पहिला हक्क शब्द व स्वररचनेचा, तर दुसरा त्या रचनेच्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. या दुसऱ्या हक्काचा आधार असलेल्या मूळ ध्वनिमुद्रणास व्यवसायात ‘मास्टर’ म्हणतात. रूढ करारानुसार कंपनी कलावंतास आगाऊ रक्कम देते आणि ती पुढे त्याच्या स्वामित्वधनातून, म्हणजेच रॉयल्टीतून, वसूल करते. ध्वनिमुद्रणाचा खर्चही बहुधा त्याच हिश्श्यातून वळता केला जातो. खर्च पूर्ण वसूल झाल्यानंतरही मास्टर कंपनीकडेच राहतो. घराचे सर्व हप्ते फेडूनही घर सावकाराच्याच नावे राहावे, तसा हा प्रकार होय.

‘इमॅन्सिपेशन’ची रचना :
जुलै १९९६ मधील ‘केऑस अँड डिसऑर्डर’ या संचानंतर प्रिन्स वॉर्नरपासून मोकळे झाले. नव्या संचासाठी त्यांनी वेगळी व्यवस्था स्वीकारली. निर्मिती त्यांच्या स्वतःच्या एनपीजी रेकॉर्ड्सची, मालकीही त्यांचीच. ईएमआय या कंपनीकडे केवळ वितरणाचे काम सोपविण्यात आले. अशा व्यवस्थेत नफ्याचा वाटा वाढतो, तशी जोखीमही कलावंताच्या शिरावर येते.

संचाच्या शीर्षकाचा अर्थ ‘मुक्ती’ असा आहे. अमेरिकेत १८६३ साली अब्राहम लिंकन यांनी काढलेल्या गुलाममुक्तीच्या घोषणेशी हा शब्द निगडित असल्याने एका कृष्णवर्णीय कलावंताने तो योजणे सूचक आहे. तीन तबकड्या, प्रत्येकीत बारा गीते आणि प्रत्येकीचा अवधी साठ मिनिटे, अशी त्याची काटेकोर बांधणी आहे. फंक, सोल, जॅझ, रॉक व नृत्यसंगीत अशा विविध शैली येथे एकत्र नांदतात. इतरांनी रचलेली चार गीतेही प्रिन्स यांनी यात गायिली. स्वतःच्या संचात अन्य रचनाकारांना असे स्थान त्यांनी पूर्वी दिले नव्हते. छत्तीस गीतांचा हा पसारा काहीसा सैल आहे, ही टीका मात्र सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. संपादकाचा अंकुश जाचक असतो, तसा कित्येकदा उपकारकही असतो.

यशाचे मोजमाप :
हा संच बिलबोर्डच्या अमेरिकन सूचीत अकराव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्यास ‘दुहेरी प्लॅटिनम’ प्रमाणपत्र मिळाले. या प्रमाणपत्रासाठी वीस लाख एककांची आवश्यकता असते. परंतु अशा संचातील प्रत्येक तबकडी स्वतंत्रपणे मोजली जात असल्याने प्रत्यक्षात सुमारे पावणेसात लाख संच पुरेसे ठरतात. ‘पर्पल रेन’च्या तुलनेत हा आकडा लहान असला, तरी प्रत्येक प्रतीमागे कलावंतास मिळणारा हिस्सा मोठा होता. तथापि १९९७ मध्ये ईएमआयने आपल्या अमेरिकन शाखेची पुनर्रचना करून वितरण सांभाळणारा विभागच बंद केला. मालकी आपली असली तरी बाजारापर्यंत जाणारा रस्ता दुसऱ्याचाच होता, हे यातून स्पष्ट झाले. त्यानंतरचा ‘क्रिस्टल बॉल’ (१९९८) हा संच त्यांनी दूरध्वनी व इंटरनेटद्वारे श्रोत्यांना थेटही विकला.

निष्कर्ष :
वॉर्नरकडील जुन्या मास्टरांचा प्रश्न ‘इमॅन्सिपेशन’ने सुटला नाही. २०१४ मध्ये त्याच कंपनीशी नवा करार करून प्रिन्स यांनी त्यांची मालकी परत मिळविली. २१ एप्रिल २०१६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा मात्र त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. मालकीसाठी आयुष्यभर झगडलेल्या या कलावंताच्या मिळकतीचा निवाडा न्यायालयात सहा वर्षे रेंगाळला. पुढल्या पिढीतील टेलर स्विफ्ट यांनी २०२१ पासून आपले जुने संच पुन्हा ध्वनिमुद्रित केले, त्यामागेही हाच प्रश्न होता. कलाकृतीच्या दर्जाविषयी मतभेद राहतीलच. परंतु श्रम करणाऱ्याचा श्रमफलावर अधिकार किती, हा प्रश्न लोकप्रिय संगीताच्या चर्चेत ठळकपणे आणण्याचे श्रेय ‘इमॅन्सिपेशन’ला द्यावे लागते. संगीताच्या अध्यापनात रागतालाइतकेच कराराच्या कलमांनाही स्थान असावे, हाच या उदाहरणाचा बोध होय.