स्वादुपिंडाची सूज फुप्फुसापर्यंत कशी पोहोचते?

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांनी स्वादुपिंडाला सूज येते का, याचा जनुकीय अंगाने अभ्यास ब्रिटनच्या औषध नियामकाने जून २०२५ मध्ये हाती घेतला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. या सुजेची नेहमीची कारणं आजही पित्तखडे आणि दारू हीच आहेत. मला त्याहून मोलाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: दुखणं पोटात असताना रुग्णाला धाप का लागते?

स्वादुपिंड स्वतःच्याच पाचक रसांनी स्वतःला पचवतं, असं हान्स किआरी यांनी १८९६ मध्ये मांडलं. ते खरं, पण अपुरं. जखमी पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी निरोप्या रसायनं सोडतात. पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्यात आणखी भर घालतात. हे निरोप रक्तातून अंगभर फिरतात. मग दूरच्या रक्तवाहिन्याही पाझरू लागतात, फुप्फुसात पाणी उतरतं, मूत्रपिंडाला रक्त कमी पडतं.

इंटरल्यूकिन-६ यकृताला सीआरपी हे सुजेची खूण असलेलं प्रथिन बनवायला लावतं. म्हणूनच ४८ तासांनी सीआरपी लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर दिसलं की डॉक्टर सावध होतात. लायपेज या स्वादुपिंडाच्या पाचक रसाच्या रक्तातल्या पातळीवरून आजार ओळखता येतो, त्याची तीव्रता नाही. ते रोज तपासणं म्हणजे रुग्णाच्या पैशाची नासाडी आहे.

मग निरोपच अडवला तर? लेक्सिपॅफंट हे औषध अशाच एका निरोप्याला अडवायचं. ब्रिटनमध्ये २९० रुग्णांवर त्याची चाचणी झाली, निष्कर्ष २००१ मध्ये आले. उपयोग झाला नाही. त्यातला एक आकडा मात्र फार बोलका आहे: चाचणीत दाखल होतानाच ४४ टक्के रुग्णांचा कुठला ना कुठला अवयव निकामी होऊ लागला होता. बैल गेला आणि झोपा केला, अशी त्या औषधाची गत झाली.

रक्तवाहिन्या पाझरतात, तर भरपूर सलाइन द्यावं, हा विचार वर्षानुवर्षं चालला. स्पेनच्या एन्रिके दे-मदारिया यांनी तो तपासून पाहिला. स्पेन, इटली, मेक्सिको आणि भारतातले २४९ रुग्ण या चाचणीत होते; २०२२ मध्ये ती छापून आली. जोरात सलाइन दिलेल्यांपैकी २०.५ टक्के रुग्णांच्या अंगात पाणी साचलं, बेताने दिलेल्यांत ६.३ टक्के. आजार बळावण्याचं प्रमाण सलाइन वाढवून कमी झालं नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

तेव्हा घरचं माणूस या दुखण्याने दाखल असेल, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना लायपेज विचारू नका. लघवी किती झाली, श्वास कसा चाललाय, युरिया चढतोय का आणि सलाइन कोणत्या वेगाने चाललंय, हे विचारा.